कानठळ्या बसवणारा रॉक कार्यक्रम: अनुभव, कारणे आणि कानांची काळजी

पूर्वभाग_सोलापूर (धागाकर्ता)

रॉक संगीताचा कार्यक्रम ऐकून आलेल्या माणसाला सोलापुरात पहिला प्रश्न गाण्यांबद्दल विचारला जात नाही. "एवढा आवाज सहन तरी कसा होतो?" असेच सर्वजण विचारतात. गेल्या हिवाळ्यात पुण्याजवळच्या एका मोकळ्या मैदानावर एका परदेशी हेवी मेटल बँडचा कार्यक्रम ऐकून मी परतलो, तेव्हापासून नातेवाईक, शेजारी आणि कार्यालयातील सहकारी या सर्वांनी मला हेच विचारले आहे. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या संगीतात आवाजाची पातळी ही सुरांइतकीच आणि तालाइतकीच महत्त्वाची आहे, ती कमी केली तर ते संगीत वेगळेच होते, आणि तरीही कानांचे कायमचे नुकसान होऊ न देता ते पूर्णपणे अनुभवता येते.

आधी अनुभव सांगतो. मुख्य बँड मंचावर येण्यापूर्वी तंत्रज्ञ बेस ड्रमची चाचणी घेत होते. प्रत्येक ठोक्यासरशी शर्टाचे कापड छातीवर हलत होते आणि तो ठोका कानांच्या आधी पायांच्या तळव्यांतून आणि बरगड्यांतून आत शिरत आहे असे वाटत होते. प्रत्यक्ष कार्यक्रम सुरू होऊन दोन गिटारी, बेस आणि ड्रम एकदम वाजू लागले, तेव्हा ज्या गाण्याचा प्रत्येक सूर मला पाठ आहे ते गाणेसुद्धा पहिले काही क्षण ओळखू आले नाही, कारण सगळे शरीर त्या दाबाशी जुळवून घेण्यात गुंतले होते. शेजारी उभा असलेला मित्र माझ्या कानाशी तोंड आणून ओरडत होता, तरी एक शब्द कळत नव्हता. मग बोलणे थांबले, मोबाईल खिशात गेले आणि मनात एरवी सतत चालू असलेली घरची-कामाची कुजबुजही बंद पडली. एकाग्रतेसाठी माणूस किती प्रयत्न करतो! तेथे ती आवाजाच्या बळावर आपोआप लाभते. हजारो अनोळखी माणसांच्या छातीवर एकच ठोका एकाच क्षणी आदळतो, तेव्हा त्यांच्यात जी जवळीक निर्माण होते ती मी घरी हेडफोन लावून कधीही अनुभवलेली नाही, आणि त्यासाठी मी पुन्हा पुन्हा तेवढा प्रवास करायला तयार आहे.

छातीवर जाणवणाऱ्या या धडकेचे कारण साधे आहे. ५० हर्ट्झच्या आसपासच्या खर्ज ध्वनीची लहर जवळजवळ सात मीटर लांब असते. एवढी मोठी लहर पुरेशा जोराने आली की हवेने भरलेली आपली छाती आणि पोट तिच्याबरोबर कंप पावतात. घरातल्या छोट्या स्पीकरला इतकी हवा हलवताच येत नाही.

हा मोठा आवाज आला कुठून, याचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. १९६० च्या दशकात ब्रिटनमधील सभागृहे मोठी होऊ लागली, श्रोत्यांचा गलका वाढला आणि वादकांना स्वतःचीच वाद्ये ऐकू येईनाशी झाली. 'द हू' या बँडचे पीट टाउनशेंड यांच्या मागणीवरून लंडनच्या जिम मार्शल यांनी १०० वॅटचा अँप्लिफायर तयार केला, आणि मंचावर स्पीकरच्या पेट्या एकावर एक रचण्याची पद्धत तेथून रूढ झाली. पुढे बँडांमध्ये मोठ्या आवाजाची चढाओढच लागली. १९७२ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये 'डीप पर्पल'च्या कार्यक्रमात ११७ डेसिबल आवाज मोजला गेला. ३१ मे १९७६ रोजी लंडनमध्येच चार्लटनच्या फुटबॉल मैदानावर 'द हू'च्या कार्यक्रमात ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल आवाज मोजला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. कानांना होणाऱ्या इजेला उत्तेजन मिळू नये म्हणून गिनीजने हा विक्रमप्रकार पुढे बंद केला, हे त्यांनी फार योग्य केले. टाउनशेंड यांना ऐकू कमी येणे आणि कानात सतत आवाज येणे हे दोन्ही त्रास आहेत आणि त्याबद्दल ते अनेक वर्षे जाहीरपणे बोलत आले आहेत. 'एसी/डीसी'चे गायक ब्रायन जॉन्सन यांना तर २०१६ मध्ये पूर्णपणे बहिरे होण्याच्या धोक्यामुळे दौरा अर्ध्यावर सोडावा लागला होता.

मी स्वतः पूर्ण वेळ कानात संगीतासाठी बनवलेली बोंडे (इअरप्लग) घालून होतो. मंचापासून दूर, ध्वनिनियंत्रणाच्या टेबलाजवळ मी उभा होतो, आणि तेथेही मोबाईलवरचे अ‍ॅप बहुतेक वेळ १०० ते १०५ डेसिबल दाखवत होते. मोबाईलचा मायक्रोफोन इतक्या आवाजासाठी बनवलेला नसल्यामुळे हे आकडे अंदाजाचेच समजावेत. माझ्याबरोबरच्या मित्राने बोंडे वापरली नव्हती. परतीच्या वाटेवर इंदापूरला चहासाठी थांबलो, तेव्हा त्याच्या कानांना दडे बसलेले होते आणि चहावाल्याने सांगितलेले पैसे त्याला दोनदा विचारावे लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याच्या कानात शिट्टी वाजत होती.

इतरांचे अनुभव वाचायला आवडतील. विरोधी मत असेल तर तेही अवश्य लिहावे.

जुळे_सोलापूरकर

लेखन मनापासून आवडले. बेंगळुरूला पॅलेस ग्राउंड्सवर ३० ऑक्टोबर २०११ रोजी 'मेटालिका'चा कार्यक्रम झाला, तो ऐकायला मी येथून उद्यान एक्स्प्रेसने गेलो होतो. आपण वर्णन केलेली छातीवरची धडक मला अजूनही जशीच्या तशी आठवते. एक शंका आहे. आपल्याकडे मिरवणुकांत डीजेच्या भिंती उभ्या राहतात, त्यांच्या आवाजानेही छाती धडधडते. मग एक आवाज आनंदाचा आणि दुसरा त्रासाचा, असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

षड्ज_पंचम

मी अभिजात संगीताचा श्रोता आहे. हुतात्मा स्मृती मंदिरात बसून तानपुऱ्याच्या जवारीतून (घोडीवरच्या तारांच्या झंकारातून) हळूहळू उमटणारा स्वयंभू गंधार, म्हणजे न छेडताच आपोआप ऐकू येणारा 'ग', ऐकण्यात मला जे मिळते, ते ध्वनिवर्धकाचा आवाज थोडा वाढवला तरी नाहीसे होते. त्यामुळे आवाजाची पातळी हा संगीताचा घटक असतो हे आपले विधान मला मान्य आहे, परंतु त्यातून मी आपल्या नेमका उलट निष्कर्ष काढतो. ज्या संगीताला श्रोत्याचे लक्ष वेधण्यासाठी त्याच्या शरीरावर दाब द्यावा लागतो, त्या संगीतात स्वतःचे सामर्थ्य कमी आहे असे मला वाटते. एकाग्रता ही श्रोत्याने स्वतःहून द्यायची गोष्ट आहे आणि ती त्याच्याकडून बळाने घेतली जाऊ नये. आपल्या आवडीचा अनादर करण्याचा हेतू नाही. मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

पूर्वभाग_सोलापूर (धागाकर्ता)

@षड्ज_पंचम, आपला आक्षेप महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट कानाच्या स्वभावाची आहे. माणसाचा कान सर्व स्वर सारख्याच ताकदीने ऐकत नाही. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये याची मोजमापे प्रसिद्ध केली होती. आवाज कमी असताना खर्जातले ध्वनी आपल्याला फारच क्षीण ऐकू येतात आणि पातळी वाढत जाते तसतसा खर्ज मधल्या स्वरांच्या बरोबरीला येतो. बेस गिटार आणि बेस ड्रम यांच्या पायावर उभे असलेले संगीत हळू वाजवले तर त्याचा पायाच ऐकू येत नाही. तानपुऱ्याची गोष्ट याच्या उलट आहे, कारण त्याचे सौंदर्य वरच्या, नाजूक स्वरांशांत (मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या उपस्वरांत) आहे आणि ते शांततेतच उमटते. दोन्ही संगीतांना आपापली पातळी लागते.

दुसरी गोष्ट वाद्याची. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरवर भार वाढवत नेला की गिटारचा सूर फाटू लागतो, त्यात नवे स्वरांश मिसळतात आणि तो दाट होतो. रॉक गिटारचा ओळखीचा आवाज या ताणातूनच जन्माला आला. शिवाय स्पीकरमधून आलेला आवाज पुरेसा मोठा असेल तर तो गिटारच्या तारेलाच पुन्हा कंपित करतो आणि सूर कितीतरी वेळ धरून ठेवता येतो. वादक स्पीकरसमोर किती अंतरावर आणि कोणत्या कोनात उभा आहे यावर तो सूर बदलतो. म्हणजे तेथे मोठा आवाज हे वाजवण्याचे तंत्रच झालेले असते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. आपल्या अंतःकर्णात तोल सांभाळणारी इंद्रिये असतात आणि त्यांपैकी सॅक्यूल नावाची एक छोटी पिशवी मोठ्या, खर्जाच्या ध्वनींनाही प्रतिसाद देते. नील टॉड आणि फ्रेडरिक कोडी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे मांडले की साधारण ९० डेसिबलच्या वर हा प्रतिसाद सुरू होतो आणि मोठ्या आवाजातले नृत्यसंगीत सुखावह वाटण्यामागे तो असू शकतो. झोपाळ्यावर किंवा वेगाच्या वळणावर जे इंद्रिय जागे होते, तेच रॉक संगीताच्या ठोक्यानेही जागे होत असेल, तर त्या वेळी माणूस आपोआप डोलू का लागतो हे समजते.

एकाग्रता बळाने घेतली जाऊ नये, या आपल्या वाक्यावर मी बराच विचार केला. तिकीट काढून, रात्रभर प्रवास करून जो माणूस त्या मैदानात उभा राहतो, त्याने आपली संमती आधीच दिलेली असते. @जुळे_सोलापूरकर, आपल्या शंकेचे उत्तरही मला येथेच दिसते. मिरवणुकीच्या रस्त्यावर राहणारी तान्ही मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांनी तो आवाज निवडलेला नसतो आणि त्यांना तेथून उठून जाताही येत नाही. जुन्या गावठाणातल्या अरुंद गल्ल्यांमध्ये आवाज दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून परतत राहतो, तो वेगळाच. सोलापूरच्या गणेशोत्सवाची शान तर लेझीम आहे. शेकडो लेझमा एका तालात वाजतात तेव्हाही अंगावर काटा येतो आणि त्यासाठी खिडक्यांच्या काचा हलाव्या लागत नाहीत.

कान_नाक_घसा

मी या विषयाचा वैद्यकीय व्यवसाय करतो. धागाकर्त्यांच्या मित्राला झालेल्या त्रासाबद्दल थोडे लिहिणे आवश्यक वाटते.

अंतःकर्णातील शंखाकृती नळीमध्ये प्रत्येक बाजूला सुमारे १५,००० केशपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्यांच्यावरील सूक्ष्म तंतू वाऱ्याने लोळलेल्या ज्वारीच्या ताटांसारखे आडवे होतात. ताटे केवळ वाकली असतील तर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उभी राहतात, आणि यालाच आपण दडे उतरले असे म्हणतो. मोडली असतील तर मात्र माणसाच्या कानात नवे पीक येत नाही, कारण या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. नुकसान सहसा ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात प्रथम दिसते आणि श्रवणचाचणीच्या आलेखात ४,००० हर्ट्झजवळ खाच पडते. स, श, त, फ यांसारखी व्यंजने ओळखायला वरचे स्वर लागतात, म्हणून अशा माणसाला बोलणे ऐकू येते पण नीट समजत नाही.

"दुसऱ्या दिवशी सगळे ठीक झाले, म्हणजे काही बिघडले नाही," असे तरुण रुग्ण मला नेहमी सांगतात. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही केशपेशी आणि श्रवणतंतू यांच्यामधील जोडण्यांचा मोठा भाग कायमचा नष्ट झालेला असू शकतो. माणसांच्या बाबतीत याचे प्रमाण किती, यावर संशोधन चालू आहे. तरीही त्यातून सावधगिरीचा बोध मी प्रत्येक रुग्णाला देतो.

किती वेळ सुरक्षित, याचा हिशोब असा. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास राहता येते आणि त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटे आणि १०५ डेसिबलला पाच मिनिटांपेक्षाही कमी. दोन तासांच्या कार्यक्रमात उघड्या कानांनी उभे राहणे किती जोखमीचे आहे हे यावरून लक्षात येईल.

कार्यक्रमानंतर कानातील आवाज दोन दिवसांत गेला नाही, तर तपासणी करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर एक दिवसही वाट पाहू नये. लवकर उपचार सुरू झाले तर श्रवण परत मिळण्याची शक्यता अधिक असते.

धोटा_आणि_ताणा

डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून माझ्या वडिलांबद्दल लिहावेसे वाटले. आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नानांनी सारी उमर यंत्रमागावर काढली. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये माणसाला बोलता येत नाही. तेथे कामगार एकमेकांच्या ओठांकडे पाहून आणि हातांच्या खुणांनी संवाद साधतात. लहानपणी डबा घेऊन गेलो की नाना दारातूनच मला बोटांनी विचारत, जेवलास का? मीही बोटांनीच उत्तर देत असे.

तेथील आवाज या धाग्यात लिहिलेल्या कार्यक्रमाइतका मोठा नसेल, पण तो रोज, पूर्ण पाळीभर आणि वर्षानुवर्षे होता. कानात घालायला कोणी काही दिले नाही आणि मागावे असे कोणाला सुचलेही नाही. आता नानांना नातवाचा आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, आणि म्हणून ते मान हलवून हसतात. मोठ्या आवाजाने येणारे बहिरेपण हा १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत नोंदवलेला व्यवसायजन्य आजार होता, हे मला फार उशिरा समजले. लहान शेडपर्यंत असा कायदा क्वचितच पोहोचतो.

मी स्वतः मेटल ऐकतो आणि मला ते अतिशय आवडते, त्यामुळे धागाकर्त्यांच्या आनंदाला माझा मुळीच विरोध नाही. माझी एक विनंती आहे. ज्या शहरात हजारो लोक आवाजात राबून चादरी आणि टॉवेल विणतात, त्या शहरात कानातल्या बोंडांची ही माहिती कार्यक्रमाला जाणाऱ्यांपुरतीच राहू नये. मी माझ्या ओळखीच्या दोन कारखान्यांत फोमच्या बोंडांची खोकी नेऊन दिली. सुरुवातीला कामगारांना कान बंद वाटतात म्हणून नको होती. काही दिवसांनी त्यांपैकी काहीजण स्वतःहून मागू लागले, कारण रात्री डोके शांत राहते असे ते सांगतात.

पूर्वभाग_सोलापूर (धागाकर्ता)

@धोटा_आणि_ताणा, आपला प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. माझ्याही गल्लीत दिवसभर माग चालतात, आणि तेथील कामगारांच्या कानांचा विचार मी या विषयाशी जोडून कधी केला नव्हता. आपल्याला हरकत नसेल तर पुढच्या वेळी मीही बरोबर येईन. खोक्यांचा खर्च वाटून घेऊ.

विजापूर_रस्ता_आई

माझा मुलगा अकरावीत आहे. त्याला मित्रांबरोबर पुण्याला अशा कार्यक्रमाला जायचे आहे. आधी मी स्पष्ट नाही म्हटले होते, परंतु हा धागा वाचून त्याला नेमके काय हवे आहे ते मला प्रथमच समजले. त्याचे वडील बरोबर जायला तयार आहेत. कानात कापूस घालून चालेल का? आणि मुलांना मंचापासून किती अंतरावर उभे करावे?

कान_नाक_घसा

ताई, कापूस उपयोगाचा नाही. त्याने आवाज फारच थोडा कमी होतो आणि आपण सुरक्षित आहोत असा खोटा दिलासा मात्र मिळतो. औषधाच्या दुकानात मिळणारी फोमची बोंडे चालतील, पण ती घालण्याची पद्धत महत्त्वाची आहे. स्वच्छ हातांनी बोंड बारीक वळावे, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, बोंड आत सरकवावे आणि ते फुलेपर्यंत बोटाने धरून ठेवावे. बाहेर अर्धे लोंबत असेल तर ते नीट बसलेले नाही. घरी एकदोनदा सराव करून घ्यावा. फोममुळे वरचे स्वर अधिक दबतात आणि संगीत गढूळ वाटते, म्हणून मुले ती काढून टाकतात. संगीतासाठी बनवलेली बोंडे मिळाली तर उत्तम. ती सर्व स्वर जवळजवळ सारख्या प्रमाणात, १५ ते २० डेसिबलने, कमी करतात आणि धुऊन पुन्हा वापरता येतात. अगदी लहान मुलांना मात्र अशा ठिकाणी नेऊच नये, आणि न्यावेच लागले तर कानांवर बसणारे मोठे संरक्षक आवरण लावावे. दर तासाला काही मिनिटे गर्दीबाहेर, शांत जागी जाऊन यायला मुलाला सांगावे. कानांना त्याचाही उपयोग होतो.

मंचामागचा_आवाज

मी लग्नसमारंभ, सभा आणि वाद्यवृंदांसाठी ध्वनिव्यवस्था पुरवतो. अंतराचा प्रश्न माझ्या कामाचा आहे, म्हणून लिहितो.

एकाच ठिकाणच्या स्पीकरपासून आपण दुप्पट अंतरावर गेलो की मोकळ्या जागी आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. मोठ्या कार्यक्रमांत स्पीकर एकाखाली एक असे वक्र रांगेत टांगलेले असतात आणि त्यांचा आवाज जवळच्या टप्प्यात याहून हळू कमी होतो, जेणेकरून मागच्या माणसालाही गाणे स्पष्ट ऐकू यावे. त्यामुळे थोडे मागे सरकल्याने फार फरक पडेल असे समजू नये. जागा निवडायची तर ध्वनिनियंत्रणाच्या टेबलाजवळची निवडावी. सर्व वाद्यांचा तोल तेथे बसूनच साधलेला असतो, त्यामुळे तेथे जे ऐकू येते तेच वादकांना ऐकवायचे असते. सबवूफर (खर्जासाठीचे मोठे स्पीकर) बरेचदा मंचाच्या पायथ्याशी मांडलेले असतात, म्हणून अगदी कठड्याला टेकून उभे राहिल्यास खर्जाचा मारा सर्वाधिक होतो आणि गायकाचे शब्द डोक्यावरून निघून जातात. मुलांना तेथे उभे करू नये.

आकड्यांबद्दल एक खुलासा करतो. डेसिबलची मोजपट्टी सरळ नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. धाग्यात आलेला १२६ हा आकडा १०० पेक्षा थोडासाच मोठा दिसतो, पण तीव्रतेत तो सुमारे ४०० पट आहे. शिवाय कायद्यात आणि बहुतेक अ‍ॅपमध्ये जी 'ए' मोजणी वापरतात, ती ५० हर्ट्झच्या खर्जाला जवळजवळ ३० डेसिबल कमी लेखते. म्हणून आकडा मर्यादेत असतानाही शेजारच्या घरात भांडी हलू शकतात. खर्जाचा खरा अंदाज घ्यायचा असेल तर 'सी' मोजणीही पाहावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी जागतिक मानक जाहीर केले. त्यात १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल मर्यादा आहे, आणि आवाजाची सतत नोंद ठेवणे, श्रोत्यांना कानाची बोंडे उपलब्ध करून देणे आणि शांत विश्रांतीची जागा ठेवणे यांचाही समावेश आहे. मला हे मानक अत्यंत व्यवहार्य वाटते. चांगली ध्वनिव्यवस्था असेल तर १०० डेसिबलमध्येही छातीवरची ती धडक पूर्णपणे देता येते. आकडा वाढवत नेण्याची वेळ बहुतेकदा स्पीकर कमी पडतात किंवा चुकीच्या ठिकाणी ठेवलेले असतात तेव्हाच येते.

जुळे_सोलापूरकर

मग असा कार्यक्रम सोलापुरातच का होऊ नये? आपल्याकडे महाविद्यालयीन मुलांचे बँड आहेत, ऐकणारेही आहेत. प्रत्येक वेळी पुणे-मुंबई गाठावी लागते.

मंचामागचा_आवाज

होऊ शकतो, परंतु जागा आणि कायदा यांचा विचार आधी करावा लागेल. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागेत ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगांसाठी रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. आवाजाच्या स्रोताभोवतीच्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर पातळी त्या क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जी कमी असेल तिच्यापुढे जाऊ नये, अशीही अट आहे. मुंबईत धोबी तलावजवळच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' होत असे आणि भारतीय रॉकप्रेमींच्या दोन पिढ्या तेथे घडल्या, पण शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तेथील मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद झाले. जागा चुकली की चांगली परंपराही टिकत नाही.

बंद सभागृह हा दुसरा पर्याय आहे, मात्र त्याच्या अडचणी वेगळ्या आहेत. नाटक आणि भाषण यांच्यासाठी बांधलेल्या सभागृहात ड्रमचा आवाज भिंतींवरून परत येऊन पुढच्या ठोक्यात मिसळतो, मग गायक ऐकू यावा म्हणून तंत्रज्ञ आवाज वाढवतो, वादकही वाढवतात आणि सगळेच गढूळ होते. अशा वेळी ड्रमसमोर पारदर्शक पडदा लावणे, गिटारचे अँप्लिफायर लहान घेणे आणि मागच्या भिंतीवर जाड पडदे सोडणे हे उपाय कामाला येतात.

षड्ज_पंचम

मी दिलेल्या आक्षेपाला धागाकर्त्यांनी इतक्या आदराने उत्तर दिले याबद्दल आभारी आहे. एकाग्रतेविषयीचे माझे मत कायम आहे. मात्र प्रत्येक संगीताला आपापली पातळी लागते, हा मुद्दा मला पटला. सभागृहात असा कार्यक्रम खरोखर ठरला, तर कानात बोंडे घालून मी मागच्या रांगेत बसायला येईन.

पूर्वभाग_सोलापूर (धागाकर्ता)

अवश्य यावे, आणि मागच्या रांगेत बसू नये. मधल्या रांगांत, नियंत्रणाच्या टेबलाजवळ आपल्यासाठी जागा ठेवू. @मंचामागचा_आवाज, माझ्या ओळखीची काही महाविद्यालयीन मुले पावसाळ्यानंतर एका छोट्या सभागृहात वाजवणार आहेत. त्यांच्या तालमीच्या वेळी येऊन आवाज मोजून द्याल का? त्यांना आधीच आकडे समजले तर अँप्लिफायर कोणते आणायचे हे ठरवता येईल.

मंचामागचा_आवाज

येईन. मीटर माझ्याकडेच आहे, त्यामुळे अ‍ॅपवर अवलंबून राहावे लागणार नाही. पहिल्या रांगेत, टेबलाजवळ, मागच्या भिंतीशी आणि बाहेर फाटकापाशी अशा नोंदी घेऊ, 'ए' आणि 'सी' दोन्ही, आणि त्या या धाग्यावर लिहीन. ड्रम वाजवणाऱ्या मुलाला मात्र आजपासूनच बोंडे वापरायला सांगावे, कारण त्या खोलीत झांजांच्या सर्वांत जवळ तोच बसतो आणि सरावही सर्वाधिक वेळ तोच करतो.